खालच्या खोलीतलं नेटवर्क

वायफाय स्लो आहे, अशी तक्रार बाबांनी कधीच केली नाही. ते फक्त एका सकाळी खालच्या खोलीतून जिना चढून वर आले, चहाचा कप सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाले, "अनुप, तुझी आई अडकून राहिली रे."

आई नागपूरला एकटी. "अडकली? कुठं?"

"खाली. लॅपटॉपमध्ये."

खाली जाऊन पाहतो तर स्क्रीनवर आई. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, उजवा हात वर. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे तो हात कुणाला तरी वर्गाबाहेर काढण्यासाठी वर गेला असावा असं वाटत होतं. बाबा समोरच्या खुर्चीत बसले आणि पुन्हा तिच्याकडे पाहू लागले. "बऱ्याच वेळची अशीच आहे," ते म्हणाले. "मी थांबलो. म्हटलं, बोलेल."

इथं थोडी आत्मस्तुती करणं भाग आहे, कारण पुढं जी अब्रू जाणार आहे ती मुळात होती हे वाचकाला कळलं पाहिजे. मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी एका इन्शुरन्स कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. कंपनीची ऑफिसं निरनिराळ्या राज्यांत आहेत आणि त्यातलं एखादं बंद पडलं की ओहायोतला एक सहा फुटी माणूस मला फोन करून रडकुंडीला येतो. मी त्याला धीर देतो, चार बटणं दाबतो, आणि सगळं सुरळीत होतं. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बापासमोर, त्याचीच आई अर्ध्या वाक्यात गोठून बसावी, हा बिघाड नव्हता, अपमान होता.

"ऑफिसात हे सगळं नक्की तूच करतोस ना रे?" दीक्षा म्हणाली. दीक्षा माझी बायको. ती औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिक्सचं काम करते, त्यामुळे तिचे संशय नेहमी आकड्यांवर आधारलेले असतात.

आमचं टाउनहाऊस तीन मजल्यांचं आहे. तळाला गॅरेज आणि त्याच्यामागं पाहुण्यांची खोली, मधे हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. इंटरनेट येतं ते हॉलच्या कोपऱ्यात. तिथं राउटर, आणि त्याला वायरनं जोडलेला मोठा कॉम्प्युटर. बाबांना आम्ही खालची खोली दिली होती, स्वतंत्र बाथरूमवाली, मोठ्या कौतुकानं. बाबा नागपूरच्या एका कॉलेजचे रिटायर्ड ग्रंथपाल. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आले आणि त्याच आठवड्यात विमानात बसले, ते एप्रिलपर्यंत राहायला. आईची नोकरी अजून शिल्लक होती म्हणून एकटेच आले. लग्नानंतर एवढे दिवस वेगळं राहण्याची त्या दोघांची ही पहिलीच वेळ, असं आईनं मला फोनवर सांगितलं होतं आणि मी "हो का?" म्हणून सोडून दिलं होतं.

वायरवर सगळं झकास चालायचं, हे मुद्दाम सांगतो. दर शनिवारी सकाळी हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढं आम्ही सगळे जमायचो. मी "आई, जयभीम!" असा नागपूरपर्यंत बिनवायरचा जाईल इतका मोठा आवाज काढायचो. आमची इशिता मधे घुसून ओरडायची, "हाय आजी, आय लॉस्ट अ टूथ!" दीक्षा भाजीचे भाव विचारायची. बाबा मागं उभे, हात पाठीशी बांधून. आई मला विचारायची, "यांचं जेवण होते ना वेळेवर?" बाबा मागून म्हणायचे, "सांग तिला, होते." मी सांगायचो. चित्र इतकं स्वच्छ की आईच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता यावी.

बाकीच्या दिवशी मात्र, आई शाळेतून घरी पोचली की, म्हणजे आमच्याकडं सकाळी, बाबा लॅपटॉप काखेत मारून खाली जायचे आणि दार लावून घ्यायचे. आणि आई अडकायची.

"बाबा, वरच बसत जा ना. वायर आहे. फर्स्ट क्लास चालतं."

"हो, बसतो," म्हणायचे, आणि जिना उतरायचे.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तिकीट अलीकडं घेता येते काय रे?" का, तर पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. दीक्षानं दोन फोन करून शोधून काढलं की तो दाखला न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमधूनही मिळतो. बाबा खूश झाल्यासारखे दिसले नाहीत. चार दिवसांनी म्हणाले, घरची पाण्याची टाकी धुवायची राहिली आहे.

मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. इतकी वर्षं बोलावत होतो, पहिल्यांदा आले, आणि महिन्याभरात टाकी धुवायला निघाले. पण मी इंजिनिअर माणूस. वाईट वाटलं की मी कारण शोधतो. कारण उघड होतं: वायफाय. आई हलली की बाबा राहतील. मी दीक्षाला तसं सांगितलं आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती अपुऱ्या सॅम्पलकडं बघते.

सुरुवात शास्त्रशुद्ध केली. लॅपटॉप हातावर घेऊन घरभर फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी स्पीड मोजला. वायरवर घोडा, हॉलमध्ये वायफायवर खेचर, जिन्यात गाढव, आणि बाबांच्या खोलीत ते गाढवही बसलेलं. मधे फरशी, गॅरेजची भिंत आणि पाणी तापवायची अवाढव्य टाकी, त्यामुळे सिग्नल खाली पोचेपर्यंत त्यात काही दम राहत नव्हता.

ही बातमी आमच्या गल्लीत पोचायला मात्र कसलंच नेटवर्क लागलं नाही. संध्याकाळी शंतनू हजर. तो मूळचा पुण्याचा, टेलिकॉममध्ये आहे, आणि प्रश्न ऐकून घेण्याआधी उत्तर देतो. "अरे यार, सिम्पल आहे. सगळ्यांचे राउटर चॅनेल सहावर असतात, म्हणून ट्रॅफिक जॅम. तू गुपचूप अकरावर जा. फक्त कुणाला बोलू नकोस."

मी गुपचूप अकरावर गेलो. दोन दिवस आई बऱ्यापैकी हलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. रविवारी पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात छोले घेऊन उभा होतो, तेव्हा एकानं मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाला, "तुमचं वायफाय स्लो आहे ना? अकरावर जा. कुणाला बोलू नका." घरी येऊन पाहिलं तर गल्लीतली झाडून सगळी देसी घरं अकरावर. सहावर एकट्या मिसेस डोनोव्हन, आमच्या घरमालक असोसिएशनच्या अध्यक्ष. आयुष्यात कधी राउटरच्या सेटिंगला हात न लावलेल्या त्या बाईंना अख्खा रस्ता मोकळा मिळाला होता.

मग शेजारचे शशिकांतकाका आले. काका सत्तरच्या दशकापासून इथं आहेत आणि आम्ही सगळे त्यांच्या दृष्टीनं कालच विमानातून उतरलो आहोत. "आम्ही टीव्हीच्या अँटेनाला हँगर लावून क्रिकेटचा स्कोअर मिळवायचो," ते म्हणाले. "राउटरच्या पाठीमागं स्टीलचं काहीतरी ठेव. सिग्नल आपटून खाली जाईल." दीक्षाची पीठ चाळायची चाळणी मी राउटरच्या मागं उभी केली. स्वयंपाकघरातून "चाळणी कुठं गेली?" अशी चौकशी सुरू झाली आणि त्या दिवशीच्या पोळ्या न चाळलेल्या पिठाच्या झाल्या. खाली फरक शून्य. दुसऱ्या दिवशी काकांचा आनंदानं फोन आला, "अनुप, चाळणीनं काम केलं बघ! तुझं नेटवर्क माझ्या बेडरूममध्ये फुल्ल येतंय!"

एक शोध मात्र मी स्वतः लावला. इशिताचं दूध मायक्रोवेव्हमध्ये फिरायला लागलं की खाली आई थिजते. ठरावीक वेळ मायक्रोवेव्ह बंद, असा वटहुकूम मी काढला. इशितानं गार दुधातल्या कॉर्नफ्लेक्सकडं बघून "डॅड, धिस इज सो नॉट फेअर," असं जाहीर केलं. आई थोडी कमी थिजू लागली, पण थिजलीच.

कस्टमर केअरला फोन लावला. त्या गृहस्थानं माझ्याकडून राउटर बंद करवला, चालू करवला, दिव्यांचे रंग वदवून घेतले. रोज हेच मी ओहायोवाल्याला सांगतो. शेवटी त्यानं विचारलं, "वायरनं चालतं का, सर?"

"वायरनं उत्तम चालतं."

"मग प्रॉब्लेम नाहीच, सर. वायर वापरा. एनिथिंग एल्स?"

त्याचा राग येण्याचं कारण नव्हतं. मीही बाबांना हेच सांगत होतो.

तेव्हा ठरवलं, सिग्नल खाली जात नसेल तर वायर खाली नेऊ. लांबलचक निळी वायर आणली, हॉलच्या खिडकीतून बाहेर काढली आणि भिंतीवरून खालच्या खिडकीत सोडली. कडाक्याच्या थंडीत शिडीवर उभा राहून शेवटचा हूक ठोकतो आहे, तोवर खाली मिसेस डोनोव्हन. बाई इतक्या गोड बोलतात की नकार आहे हे घरी गेल्यावर कळतं. वायर छान आहे म्हणाल्या, पण निळी आहे. आमच्या असोसिएशनच्या नियमात बाहेरून निळं काही चालत नाही. बेज रंगाची आणली तर, असं मी विचारलं. बेजसाठी अर्ज करता येईल, म्हणाल्या, आणि कमिटी वसंत ऋतूत बसते. वसंत ऋतूत बाबांचं परतीचं तिकीट होतं. मी शिडीवरून उतरलो.

मग वायर घरातूनच घेतली. जिन्याच्या कडेकडेनं, टेप लावत, गॅरेजच्या दारावरून, थेट बाबांच्या खोलीत. उंबऱ्याशी थोडी पंचाईत झाली. दार खालच्या पट्टीला इतकं घट्ट बसायचं की मधून वायर जाईना. मी दार उघडं ठेवलं आणि मागं इशिताचे जुने बूट लावून टाकले. खालच्या मजल्यावर येतंय कोण?

स्पीड मोजला. वरच्याइतकाच! आई लॅपटॉपवर आली ती अशी ठसठशीत, की चष्म्याच्या काचेवरचा डाग दिसला. "बाबा, बघा!" मी म्हणालो. "छान झालं," बाबा म्हणाले. मी त्या दिवशी ऑफिसात ओहायोवाल्याशी फार प्रेमानं बोललो.

पुढच्या सकाळी मी मोजे चढवत जिन्यात बसलो होतो. खालून आवाज येत होता, एकही अक्षर न तुटता.

"जेवली?"

"अजून नाही. तुम्ही?"

"नाश्ता झाला. थंडी आहे."

"असेल."

"बरं. ठेवतो."

काय क्लॅरिटी होती! मला कृतकृत्य वाटलं. रोज सकाळी हेच चाललं. आई अडकायची तेव्हा बाबा तासभर खाली असायचे, आता मोजे घालून होईतो वर येऊन पेपर चाळत बसायचे. हे प्रगतीचं लक्षण आहे, असं माझं मत होतं. चांगलं नेटवर्क म्हणजे कमी वेळात काम. आणि एका सकाळी पेपर खाली ठेवून बाबा म्हणाले, "ते तिकिटाचं पाहिलं काय तू?"

मी वर जाऊन दीक्षापुढं हात टेकले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. "आता तर आई हलते! बोलते! आता यांचं काय अडलंय?"

"दार," दीक्षा म्हणाली.

"दाराचं काय?"

"अनुप, तू तुझ्या आईबाबांना एकमेकांशी बोलताना कधी ऐकलंयस? सांग तिला, सांग त्यांना, हे सोडून?"

मी तोंड उघडलं आणि आमच्या आईसारखाच तसाच राहिलो.

नागपूरला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यात आम्ही भावंडं, काका, शिकायला राहिलेली आत्या, आणि गावाकडून कोर्टाच्या, दवाखान्याच्या, नोकरीच्या कामाला येणारं कुणी ना कुणी. त्या घराला पुस्तकं पुष्कळ होती, दारं नव्हती. बाबा आईशी बोलायचे म्हणजे, मीठ कमी आहे, रॉकेल आणलं, इतकंच. पण रात्रीची जेवणं झाली की बाबा चपला घालायचे आणि आईला म्हणायचे, "चल." दोघं शतपावलीला जायची. आम्ही मागं लागलो की, "तुम्ही अभ्यास करा." शतपावली म्हणतात, पण ती दोघं यायची ती आम्ही झोपेला आल्यावर. बाबांना अपचनाचा त्रास आहे, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. माझ्या शिक्षणाचं, आत्याच्या लग्नाचं, कर्जाचं, भांडणाचं जे काही ठरलं असेल ते त्या रस्त्यावर ठरलं असणार. हसलीही तिथंच असतील. आणि मी त्या माणसाला न्यू जर्सीत आणून रोज सांगत होतो की हॉलमध्ये बसा, तिथं स्पीड चांगला आहे.

अडकलेल्या आईसमोर ते दार लावून तासभर बसायचे, ते मला आठवलं. मी म्हणालो, "फोन होता की. खाली न्यायचा."

"त्या मिनिटं मोजणाऱ्या कॉलिंग कार्डावर? बाबा तार पाठवल्यासारखं तुटक बोलतात त्यावर," दीक्षा म्हणाली. "भिंतीला भोक पाड."

शनिवारी शशिकांतकाका स्वतःचं ड्रिल घेऊन आले, आणि शंतनू टॉर्च घेऊन, कारण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. काकांनी भिंतीवर टकटक केलं, कान लावला, आणि "इथं पोकळ आहे, बिनधास्त पाड," असा निर्वाळा दिला. मी बिनधास्त पाडलं. ड्रिल भिंतीतून जे पलीकडं निघालं ते कोटांच्या कपाटात, आणि तिथून दीक्षाच्या हिवाळी कोटाच्या बाहीत. ते गुंडाळून थांबलं तेव्हा बाही नव्हती. "अरे यार, थोडं डावीकडं घ्यायला पाहिजे होतं," शंतनू म्हणाला. दीक्षानं कोट हातात धरून पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी बोलली. दुसरं भोक बरोबर बाबांच्या पलंगामागं निघालं. बाबा या सगळ्या वेळात कॉरिडॉरमध्ये हात पाठीशी बांधून उभे होते. "कायले एवढा खटाटोप करून राहिले बाप्पा तुम्ही?" एवढंच म्हणाले. इशिताचे बूट मी दारामागून काढले. दार लागलं.

सोमवारी सकाळी बाबा चहा घेऊन खाली गेले. मी कोट, बूट घालून जिन्याच्या तळाशी उभा राहिलो. ऑफिसला उशीर होत होता, खिशात ओहायो वाजत होतं. आतून बाबांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतलेला माणूस एकसारखा बोलत होता. मग आईचा आवाज, चढलेला. मग बाबा मोठ्यानं हसले. मी ते हसणं आधी कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि आपण इथं उभं राहायला नको असंही वाटलं, म्हणून वर गेलो. ऑफिसला नाही गेलो. ओहायो एक दिवस बंद राहिलं तर राहिलं.

बऱ्याच वेळानं बाबा वर आले. "मग?" मी शक्य तितक्या सहज विचारलं. "चित्र कसं येतंय आता?"

"चित्र बंदच ठेवलं होतं."

"बंद? का?"

"ती म्हणाली, तुम्ही चित्र पाहत बसता, ऐकत नाही. अन् ती पोळ्या करून राहिली होती, तिले कुठं समोर बसायला वेळ आहे?"

चॅनेल, चाळणी, रिकामी बाही, मिसेस डोनोव्हन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "बाबा, मग नुसतं फोनवरच..."

"फोनवर ती कार्डाची बाई मधे बोलते ना. इतकी मिनिटं राहिली म्हणून. तिसऱ्या माणसासमोर काय बोलावं?" त्यांनी कप धुतला, पालथा घातला, आणि जरा घुटमळले. "अनुप, एक होतं. त्या दाराले आतून कडी नाही काय रे?"

मी त्यांना खाली नेलं आणि दाराच्या मुठीतलं बटण दाखवलं. आतून हे दाबायचं, की बाहेरून उघडत नाही. बाबांनी ते दोनदा दाबून पाहिलं. मग मला खांद्याला धरून खोलीच्या बाहेर उभं केलं आणि दार लावलं. टक् आवाज झाला.

"ढकलून पाहा," आतून बाबा म्हणाले.

मी ढकललं. दार उघडलं नाही.

"अजून जोरानं."

मी खांदा लावला. नाहीच.

"ठीक आहे," बाबा आतून म्हणाले. "ते तिकीट मग राहू दे एप्रिलचंच."